सँडबॉक्सच्या दाराशी

बाकीच्या ऑफिसांत किस्से घडतात. आमच्याकडे ते तुंबायचे. अंधेरीच्या एमआयडीसीत खाली छपाईचा कारखाना आणि वर आम्ही, अशा एका मजल्यावर वर्षभर एकच काम अडलेलं होतं. काम असं अडून बसलं की त्याच्या मागे किस्स्यांची रांग लागते. अजूनही जुनं कुणी भेटलं की म्हणतं, "मनीषा, तो कर्नलचा सांग ना." मी सांगते, लोक हसतात. तेव्हा आम्ही फारसे हसलो नव्हतो.

काम काय होतं ते आधी सांगते. ज्यांना दिसत नाही ते कॉम्प्युटर कानांनी वापरतात. स्क्रीनवरचं सगळं मशीन त्यांना वाचून दाखवतं. आम्हाला जे मराठी आवाज मिळाले होते त्यांना 'ळ' म्हणता येत नव्हता. बाळाचा बाल व्हायचा, फळाचं फल. आम्ही धड मराठी बोलणारा आवाज बनवत होतो. अंध मुलांच्या शाळा चालवणारी एक संस्था तो आपल्या सगळ्या शाळांत बसवणार होती. त्यांच्या मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम चालायची आणि अट एकच होती, प्रोग्रॅमचं बिल्ड सँडबॉक्समध्ये झालं पाहिजे.

बिल्ड म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल अशा रूपात बांधणं. ते आमच्या मशीनवर व्यवस्थित व्हायचं. सँडबॉक्समध्ये व्हायचं नाही. एवढीच गोष्ट आहे खरं तर.

*

सँडबॉक्स हा शब्द आमच्यात पहिल्यांदा मिलिंदने उच्चारला. मिलिंद आमचा मुख्य प्रोग्रॅमर. घर मूळचं नांदेडकडचं, पण तो जन्मला-वाढला जोगेश्वरीत. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर सावंतकाका. ते कणकवलीचे, वडील गिरणीत होते, स्वतः अर्धं आयुष्य जुन्या मशीनांवर प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेलं. नवीन काही आलं की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, ही त्यांची पद्धत.

मिलिंदने त्यांना समजावलं. मशीनच्या आत एक बंद खोली करायची. तिच्यात नेट नाही, बाहेरच्या फाइली नाहीत. जे सामान आधी मोजून आत दिलं असेल, तेवढ्यावरच प्रोग्रॅम बांधायचा. त्याने बाहेरच्या कशालाही हात लावला की 'परवानगी नाकारली' असं छापून काम जागच्या जागी थांबतं. म्हणजे भेसळ होत नाही.

"म्हणजे सोवळं," काका म्हणाले.

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणासमोर बोललो. कान लाल झाले. मी उगाचच पाण्याची बाटली शोधायला लागले.

मिलिंदने स्क्रीनवरून नजर काढली नाही. म्हणाला, "बरोबर, काका. फक्त ह्या वेळी तुम्हीपण माझ्यासोबत बाहेर."

काका त्याला खाली टपरीवर घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. परत आले तेव्हा दोघं मिळून बिल्डला शिव्या देत होते.

*

शिव्यांनी ते हललं नाही. एक परवानगीची एरर काढली की तिच्या मागे दुसरी उभी. लाल अक्षरं, तेच वाक्य, फक्त फाइलचं नाव वेगळं. काही आठवड्यांनी काकांचा संयम सुटला.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला कुलूप असतं: ती कोण वाचणार, कोण बदलणार, कोण चालवणार. ही सगळी कुलपं एका झटक्यात काढायची एक कमांड आहे. ती अशी सरसकट वापरायची नसते, हे काकांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी जेवून आले आणि आपल्या मशीनच्या झाडून सगळ्या फाइलींवर ती चालवली. म्हणाले, घ्या, सगळ्यांना सगळी परवानगी, आता कोण अडवतो बघू.

सँडबॉक्सला काडीचाही फरक पडला नाही. तो स्वतःची कुलपं लावून बसलेला असतो. उलट लिनक्सचा एक स्वभाव आहे. महत्त्वाच्या चाव्या अशा उघड्यावर पडलेल्या दिसल्या की तो त्या चाव्यांवर विश्वासच ठेवत नाही. काकांनी मशीन बंद करून चालू केलं, तर ते त्यांना आत घेईना.

काका त्या काळ्या स्क्रीनजवळ वाकले. मग फार हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांका सगळा दिलंय, आणि आता माकाच घरात घेणा नाय."

काकांच्या वडिलांनी गावचं घर थोरल्या मुलाच्या नावावर केलं आणि मग त्यानेच त्यांना आत घेतलं नाही, हे मिलिंदला माहीत होतं, मला नंतर कळलं. मिलिंदने त्यांचं मशीन उचलून आपल्या टेबलावर घेतलं आणि सगळं पहिल्यापासून बसवायला लागला.

*

आवाज वैशालीचा होता. ती आमच्याकडे टेस्टर म्हणून आली. जन्मापासून अंध, सांताक्रूझला आईबरोबर राहायची. मुलाखतीत ती एक वाक्य बोलली आणि आम्हाला कळलं, आवाज बाहेर शोधायची गरज नाही.

रेकॉर्डिंग तिच्याच घरी केलं, आतल्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून. वरून सारखी विमानं. ती वाचता वाचता मध्येच हात वर करायची आणि थांबायची. मला काहीच ऐकू आलेलं नसायचं. मी विचारायला तोंड उघडावं आणि मग कुठून तरी घरघर सुरू व्हावी, असं रोजचं होतं. विमान गेलं की तिचा हात खाली, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे.

ऑफिसात मात्र तिच्या मशीनला जुनाच परदेशी आवाज होता. बिल्ड चाललं की तो प्रत्येक ओळ वाचायचा. एकदा तिचा हेडफोन बिघडला आणि दुपारभर सगळ्या मजल्याने ऐकलं: परमिशन डिनाइड, परमिशन डिनाइड. खालच्या कारखान्यातला माणूस वर येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून.

मी वैशालीला म्हटलं, तू वेडी कशी होत नाहीस हे ऐकून?

"लहानपणापासून ऐकतेय गं," ती म्हणाली. "पूर्वी निदान माणसं म्हणायची."

*

पावसाळ्याच्या आधी मिलिंदला एक विचित्र एरर मिळाली. आमचा प्रोग्रॅम बांधला जाताना तात्पुरत्या फाइली वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवायला जात होता. बंद खोलीत घर कुठलं असणार? सँडबॉक्स बनवणाऱ्यांनी तिथे मुद्दाम एक खोटा पत्ता दिलेला असतो, म्हणजे कुणी तिथे काही ठेवायला गेलं की लगेच पकडलं जावं. इंग्रजीत लिहिलेल्या त्या पत्त्याचा अर्थ होतो, बेघरांचा निवारा.

मिलिंदची चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता. खांब उभे राहिले आणि काम थांबलं. घरचे सगळे तेव्हापासून ट्रान्झिट कॅम्पात, पत्र्याच्या खोल्यांत. आई दर रविवारी जाऊन ते खांब बघून यायची.

त्याने एररची ओळ मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्यांना माझा पत्ता कुणी दिला?"

ती एरर मात्र पटकन सुटली. प्रोग्रॅमला खोलीतच एक तात्पुरतं फोल्डर करून दिलं, तो तिथे राहायला लागला. मिलिंद खुर्ची मागे सरकवून म्हणाला, चला, एकाची तरी सोय लागली.

*

आता कर्नलचा. तेजस सर कंपनीचे मालक, मुलुंडला राहायचे. माणूस चांगला, पण त्यांचं सगळं आयुष्य विक्रीत गेलेलं. त्यांच्या मते जगात अडलेलं प्रत्येक काम कुणातरी माणसापाशी अडलेलं असतं. संस्थेचे फोन वाढले, तसे ते एक दिवस आमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. परवानगी परवानगी काय चाललंय, ती देतो कोण, नाव सांगा, मी बोलतो.

मिलिंद म्हणाला, "कर्नल, सर."

लिनक्सच्या गाभ्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात, मिलिंद त्याच्याबद्दल बोलत होता. मशीनमध्ये कुणाला कशाला हात लावू द्यायचा, हे शेवटी तोच ठरवतो. तेजस सरांचा चेहरा उजळला. त्यांच्या सोसायटीत एक निवृत्त कर्नल होते, त्यांच्याकडून ओळख निघेल म्हणाले. मिलिंदमध्ये समजावण्याचं त्राणच उरलं नव्हतं. बघा सर, झालं तर, एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी सर परत आले, अगदी गंभीर. कर्नलसाहेबांना लिनक्स माहीत नव्हतं. पण त्यांनी सांगितलं होतं की परवानगी कधी मध्यस्थाकडून मागू नये, स्वतः दाराशी जाऊन मागावी.

"रोज जातोय, सर," मिलिंद म्हणाला.

*

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर संस्थेने नाही म्हणून कळवलं. थांबायला वेळ नव्हता. त्यांना तयार हिंदी आवाज मिळाला होता. तेजस सरांनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं. त्यांनाही वाईट वाटत होतं. मुलांना हिंदी समजतं, असं संस्थेचं म्हणणं होतं.

वैशालीने विचारलं, मुलांना कुणी विचारलं का?

ते मी त्यांना कसं विचारणार, सर म्हणाले. काम बंद झालं. आम्हा तिघांना दुसरीकडे लावलं आणि वैशालीला महिनाअखेरीस मोकळं करायचं ठरलं. तिने मान हलवली, आणि नेहमीसारखी टेबलाच्या कडेवरून हात फिरवत आपल्या जागेवर गेली.

मिलिंदने ते सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तो एररच्या ओळी वाचत बसायचा. काका शेजारी बसून त्याचा डबा उघडून त्याच्या पुढे सरकवायचे. एका दुपारी ती शेवटची एरर सापडली. प्रोग्रॅम बांधून झाला की आपल्याला बोलता येतंय ना, हे बघायला तो स्वतःच एक वाक्य बोलायला जात होता. स्पीकर खोलीच्या बाहेर. तिकडे हात गेला की परवानगी नाकारली.

काका म्हणाले, "बंद खोलयेत कोणाशी बोलतलो तो?"

मिलिंदने ती चाचणी काढून टाकली आणि बिल्ड लावलं. ते संपलं. स्क्रीनवर एकही लाल अक्षर आलं नाही. आम्हाला आधी वाटलं, मशीन अडकलं.

*

वैशालीच्या शेवटच्या दिवशी मिलिंदने तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तो आवाज बसवून दिला. आम्ही तिघं तिच्या टेबलाभोवती उभे राहिलो. तेजस सरपण दारात येऊन थांबले.

तिने हेडफोन लावला, भराभर काहीतरी टाइप केलं आणि ऐकलं. काय टाइप केलं ते आम्हाला दिसलं नाही, तिची स्क्रीन नेहमी बंदच असायची. पुन्हा तेच ऐकलं. मग आणखी एकदा, ह्या वेळी डोकं खाली घालून, दोन्ही हात हेडफोनवर दाबून.

मिलिंदला राहवेना. कसा झालाय, म्हणून त्याने विचारलं.

तिने हेडफोन काढला. "छान झालाय. ळ तर अगदी स्वच्छ आलाय," ती म्हणाली. मग हेडफोनची वायर गुंडाळली. "पण रेकॉर्डिंगला ही बाई नुकतीच रडून येऊन बसलीय रे. इतके महिने ऐकताय, कुणीच कसं विचारलं नाही तिला?"

कुणी काही बोलायच्या आत तिने लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला, काठी उघडली आणि खाली रिक्षा आली का ते काकांना बघायला सांगितलं.