मनःशांती मंडळ आणि डोक्याला ताप

घरात रद्दी साठते तसे हे किस्से साठतात. रद्दीवाला निदान महिन्याला येऊन रद्दी घेऊन तरी जातो. हे कोणी नेत नाही, म्हणून तुम्हाला ऐकवते.

इंदूरच्या आमच्या कॉलनीत एक लहानसं मंदिर आहे. नाव सांगत नाही, ट्रस्टी मंडळी उगाच फोन करतील. दर गुरुवारी आरतीनंतर तिथल्या हॉलमध्ये गंभीर मानसिक आजार असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे जमतात. भजन होतं, गप्पा होतात, पोहे होतात. माझा दीर मिलिंद त्यातलाच. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, औषधं चालू आहेत आणि डोकं माझ्यापेक्षा शांत आहे.

त्याची एकच इच्छा. दत्तजयंतीच्या महाप्रसादाला पंगतीत वाढायचं. ट्रस्टचे मुळ्ये काका दर वर्षी म्हणतात, "अगले साल देखते हैं!" अगला साल काही येत नाही. बाकीच्या भानगडी मात्र वेळेवर येतात.

*

बोर्डाचंच घ्या. मी नाव सुचवलं, 'मानसिक आजार आधार गट'. मुळ्ये काका दचकले.

"अहो वहिनी, असं लिहिलं तर पब्लिक आरतीला येणार नाही! कुछ अच्छासा रखो ना."

शेवटी 'मनःशांती मंडळ' असा बोर्ड लागला, वर कमळाचं चित्र. पुढच्याच गुरुवारी काखेत योगा मॅट मारून तीन बायका हजर! त्यांना समजावून परत पाठवलं. पण राजेंद्र नगरहून येणारे एक रिटायर्ड बँक मॅनेजर काही हलेनात. दर गुरुवारी यायचे, भजनात टाळ्या वाजवायचे, पोह्यांवर शेव मागून घ्यायचे. एकदा मी स्पष्टच सांगितलं, "काका, हे मानसिक आजाराच्या पेशंटचं मंडळ आहे."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पण अख्ख्या इंदूरमध्ये ही एकच जागा आहे जिथे मुलाचं पॅकेज कोणी विचारत नाही!"

आता यांना बाहेर कसं काढणार? अजून येतात.

*

एका एकादशीला माझ्या सासूबाईंनी मिलिंदची गोळी बंद केली. "उपासाला कसली गोळी? त्यात काय काय घालतात, कोण जाणे!"

मी समजावलं, नवऱ्याने समजावलं, डॉक्टरांनी फोनवर समजावलं. सासूबाई ढिम्म. गोळ्या चुकल्या की मिलिंदची झोप उडते आणि मग सगळ्या घराचीच उडते, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. तरीही नाही म्हणजे नाही!

शेवटी मी पुजारी जोशीगुरुजींना शरण गेले. त्यांनी गोळ्यांची पट्टी देवाच्या पायाशी ठेवली, वर फूल वाहिलं आणि सासूबाईंच्या हातात दिली. "हा प्रसाद. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं." काम झालं!

पण रांगेत मागे कुलकर्णी काकू उभ्या. त्यांनीही तळवा पुढे केला. गुरुजींनी त्यावर साखरफुटाणे ठेवले. झालं! काकू थेट मुळ्ये काकांकडे. "आता प्रसादातपण भेदभाव? हे चालणार नाही हां!"

मिलिंद शेजारीच होता. म्हणाला, "काकू, माझ्यातली घ्या. फक्त उद्याच्या स्वयंपाकाचं घरी सांगून ठेवा. तुम्ही काही उठणार नाही."

*

याच काकूंचा दुसरा आवडता विषय म्हणजे लग्न. मिलिंद दिसला रे दिसला की सुरू. "अहो, याचं लग्न करून टाका! बायको आली की सब ठीक हो जाएगा. जबाबदारी पडली की माणूस सुधरतो."

मला हे ऐकून ऐकून वीट आला आहे. बायको म्हणजे काय टॉनिक आहे? पण देवळात भांडायचं नाही असं ठरवलेलं. उत्तर मिलिंदनेच दिलं.

"चालेल काकू. तुमची ती भोपाळची भाची आहे ना, तिलाच विचारून बघा."

काकूंना एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. चप्पल उलटी घालून गेल्या!

*

मग मुळ्ये काकांनी एक प्रवचनकार आणले. 'मन जिंका, जग जिंका' असा विषय. ते बोलायला लागले आणि थांबेचनात. ध्यानावरून गाईच्या तुपावर, तुपावरून अमेरिकेवर, अमेरिकेवरून स्वतःच्या नव्या गाडीवर. आपण रोज पहाटे तीनला उठतो, एकाच वेळी चार पुस्तकं लिहीत आहोत आणि लवकरच जगभर आश्रम काढणार आहोत, असंही सांगितलं. दोन तास! पोहे गार, माणसं पेंगलेली.

माझ्या शेजारी मंजूषा बसली होती. ती शाळेत गणित शिकवते, तिला बायपोलर आहे, म्हणजे कधी मन खोल बुडतं, तर कधी झोप नको आणि बोलणं थांबत नाही. बराच वेळ त्यांच्याकडे निरखून पाहत होती. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई, यांच्या घरच्यांना कोणीतरी कळवायला हवं."

*

यंदाच्या दत्तजयंतीला मात्र मी मीटिंगमध्ये भांडलेच. "देव मिलिंदच्या हातचं फूल घेतो आणि लोक भात घेणार नाहीत?"

"देव कंप्लेंट नाही करत ना, वहिनी!" मुळ्ये काका म्हणाले. पण मी उठायलाच तयार नाही म्हटल्यावर तडजोड झाली. "बरं, मीठ वाढू दे. मिठात काय बिघडणार आहे?"

मीठ तर मीठ! मिलिंदने स्वतः कुर्त्याला इस्त्री केली. आदल्या दिवशी सासूबाईंपुढे रिकामं ताट ठेवून चिमूट नेमकी कुठे सोडायची याची प्रॅक्टिस केली. मला हसू येत होतं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. सियागंजच्या बाजारातून आणलेल्या पत्रावळी मांडल्या आणि मिलिंद वाटी घेऊन निघाला. पहिल्याच गृहस्थांनी पत्रावळ जराशी मागे ओढली. मिलिंदने तिथेच वाकून मीठ ठेवलं आणि पुढे गेला. दुसऱ्यांनी मीठ घेतलं. तिसऱ्यांनी तर अजून एक चिमूट मागितली! माझ्या जिवात जीव आला.

पंगतीच्या टोकाला मुळ्ये काका बसले होते. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "मला नको, भिया, बीपी आहे."

मिलिंद थांबला. "सकाळची गोळी घेतली?"

"कोणती? बीपीची? अरे, ती मी केव्हाच सोडली. आता एकदम फर्स्टक्लास वाटतं. मला काही झालेलं नाहीये!"

मिलिंदने मिठाची वाटी खाली ठेवली. त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी हळू, समजुतीच्या आवाजात विचारलं, "काका, तुमच्याबरोबर घरचं कोणी आलंय का?"