खळ्यावरची तलवार

मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा योहान सरांच्या बायकोचा, मार्थाबाईंचा फोन आला. "ताई... सर प्रभूकडं गेले." माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "सॅम्युएल पोचला का?" त्या म्हणाल्या, "देवगाव फाट्यावर हाय. पुढच्या गाडीची वाट बघायलाय." बापाचा जीव इकडं मानवतात गेला आणि लेक तिकडं फाट्यावर उभा. आठ वर्षांनी निघाला होता पोरगा. एक गाडी आधीची मिळाली असती तर... पण त्या 'तर'ला काय अर्थ!

योहान सरांनी आणि मी मानवतच्या एकाच शाळेत उभी हयात शिकवलं. ते मराठीचे, मी गणिताची. रविवारी ते प्रार्थनामंदिरात उपदेश करायचे आणि दसऱ्याला न चुकता आमच्याकडं पुरणपोळी खायला यायचे. त्याची सुरुवात माझ्या फजितीनं झाली. आमच्या सासरी एक जुनी तलवार आहे, खंडेनवमीला तिची पूजा असते. मी नवी सून, हौस दांडगी. राखेनं घासून लखलखीत केली आणि एवढी चमकतेय तर झाकायची कशाला म्हणून पाटावर उघडीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सर सोनं द्यायला आले, तेवढ्यात सासूबाईंचं लक्ष गेलं. "अगं बाई! नागडी तलवार ठेवतेत का घरात? भांडणं लागत्यात!" मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर हसून म्हणाले, "आजी, आमच्या शास्त्रातबी हेच हाय," आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. दावीद राजाच्या चुकीपायी यरुशलेमेवर मरी आली. देवदूत उपसलेली तलवार घेऊन आभाळात उभा. खाली एक साधा शेतकरी खळ्यावर गहू मळत होता. त्याच खळ्यावर देवाला दया आली, राजानं तिथं वेदी बांधली, आणि देवदूतानं तलवार म्यानात घातली. पुढं मंदिर उभं राहिलं तेही त्याच जागेवर. "तलवार उपसायला कुनालाबी येतं, आजी. परत घालणं लय अवघड." खळं म्हटल्यावर सासूबाईंना ती गोष्ट घरचीच वाटली. त्यांनी तलवार सरांच्या हातात दिली, "मग तुमीच घाला." आमचं म्यान सैल, तलवार बोटभर वर येतेच. सरांनी मुठीवर अंगठा ठेवून दाबली. खट् आवाज झाला. तेव्हापासून दर दसऱ्याला हे काम सरांचं.

वर्षागणिक एकेक तलवार ऐकायला मिळायची. एदेन बागेच्या वाटेवर फिरणारी अग्नीची तलवार. तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील, असं सांगणारा संदेष्टा. हे ज्यू लोकांच्याही शास्त्रातलं, ते बजावायचे. मग नव्या करारातला पेत्र, येशूला धरायला आलेल्यांपैकी एकाचा कान कापणारा, आणि तलवार ठेव म्हणून त्याला रागावणारा येशू. देवाचा शब्द दुधारी असतो, असंही ते सांगायचे. "दुसऱ्याला कापायच्या आधी बोलणाऱ्याला कापतो, ताई." किती छान बोलायचे हो! आणि तोच माणूस स्वतःच्या घरात...

सॅम्युएलनं मायाशी कोर्टात लग्न केलं. माया हिंदू घरातली, शिकलेली, गुणाची पोर. सरांनी लेकाला सांगितलं, "या दारात पाय ठेवू नको." मला कळलं तशी मी तणतणत गेले. म्हटलं, "सर, आमच्या घरची पुरणपोळी चालते अन् आमच्यातली सून चालत न्हाई?" ते म्हणाले, "मी शांती न्हाई, तलवार आणायला आलो, असं प्रभूच म्हणाला. बाप अन् लेक वेगळे होतील म्हणाला." म्हणजे शास्त्रातून नेमकी हीच तलवार निवडली! मी चहा न घेता उठले. सॅम्युएलचा नंबर मात्र मी जपून ठेवला. तो सणासुदीला फोन करायचा आणि शेवटी हळूच विचारायचा, "मावशी, पप्पा बरे हायत ना?"

गेल्या दसऱ्याला सर आले ते काठी टेकत. पोळी अर्धीच खाल्ली. मी तलवार पुढं केली आणि माझ्या तोंडाला कुठला लगाम! म्हटलं, "सर, खळ्यावरचा देवदूतसुद्धा दमला असंल आता. तुमी कधी घालणार म्यानात?" त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. सोनं माझ्या हातावर ठेवलं आणि निघून गेले. तलवार तशीच राहिली, बोटभर वर. मीही ती तशीच भिंतीला अडकवली.

नंतर त्यांनी अंथरूणच धरलं. एके दुपारी त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "ताई, सॅम्युएलचा नंबर हाय ना तुमच्याकडं? तो मार्थाला द्या, ती फोन करंल. त्याला म्हणावं, दोघं या." मग म्हणाले, "घालावी म्हणतो म्यानात." मी पदर तोंडात धरून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर गेले.

परवा सॅम्युएल आणि माया परत जायच्या आधी आमच्याकडं आले. चहा झाला, तरी त्याचा पाय निघेना. शेवटी म्हणाला, "मावशी, खरं सांगा. फोन आईचा आला होता. पप्पांनी बोलावलं, का आईनंच आपल्या मनानं?" आठ वर्षांचं सगळं त्या एका प्रश्नात होतं. मी सरांचा शब्द न् शब्द सांगितला. "दोघं या" म्हणाले होते, हे मायाकडं बघून दोनदा सांगितलं. मायानं डोळ्यांना पदर लावला. तो मात्र ढसाढसा रडला, लहान पोरासारखा. मी रडू दिलं. माझे सर गेले होते, पण त्याचा तर बाप गेला होता.

उठता उठता त्याचं लक्ष भिंतीकडं गेलं. लहानपणी बापाचं बोट धरून दर दसऱ्याला यायचा तो. मला काही न विचारता पुढं झाला आणि तलवारीच्या मुठीवर त्यानं अंगठा ठेवला. अंगठा अगदी सरांचा, तसाच रुंद, नखाशी तसाच वाकडा. त्यानं दाबलं.

खट् आवाज झाला.