नकाशात नसलेलं बावखल

गास गावची फिलोमिना केळीच्या वाडीतच वाढली. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर वाडी तिनंच राखली. धाकटा भाऊ प्लासिड बँकेत नोकरीला. वाडीच्या टोकाला बावखल होतं, गोड्या पाण्याचं जुनं तळं. आजूबाजूच्या विहिरी त्याच्याच जिवावर भरायच्या.

शहराचा नवा विकास आराखडा हरकतींसाठी लागला, तेव्हा ती बघायला गेली. हिरव्या पट्ट्यातली वाडी पिवळी झालेली. पिवळं म्हणजे इमारती उठवायला मोकळीक. बावखल तर नकाशात नव्हतंच.

प्लासिड हरखला. "बाय, आता जमिनीला भाव येईल. तू हरकत घेऊ नकोस."

"आनि इमारतीतल्या तेवढ्या लोकांना पानी कुठलं? टँकरचं?"

तिनं हरकत लिहिली. शेजारच्या बायका गोळा करून दोरीनं बावखल मोजलं, बावीस विहिरींची यादी जोडली.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी मानही वर केली नाही. "मावशी, उपग्रहाच्या चित्रात तिथं गवत दिसतंय."

"जलपर्नी हाय ती. खाली दोन पुरुष खोल पानी हाय. चला, दाखवते."

"वेळ नाही. पुढचे कोण?"

फिलोमिना खुर्चीतून उठली नाही. "येत नसाल तर तसं लिहून द्या, जागा न बघता रंग दिला म्हनून. त्याबिगर मी हलनार नाय."

मागच्या बायकांनीही "लिहा, लिहा" लावलं. शेवटी पाहणीचा आदेश निघाला.

आठवड्यानं मोजणीचा माणूस आला. "एवढ्या गवताला तळं म्हणता?" म्हणत त्यानं पाय टाकला आणि छातीपर्यंत आत गेला. फिलोमिनानं बांबू पुढे करून त्याला ओढून काढलं, कोरडा टॉवेल दिला, आणि मोजमाप लिहून होईपर्यंत शेजारी उभी राहिली.

अंतिम आराखड्यात बावखल निळं झालं. वाडी मात्र पिवळीच राहिली. महिन्याभरात प्लासिड एका बिल्डरला घेऊन आला.

"तुझं तळं वाचलं ना? आता सही कर."

"तुझ्या वाट्याचं तू बघ. माझ्या वाट्यात केळच राहील." मग ती बिल्डरकडे वळली. "पिवळ्या रंगात केळी लावायला बंदी हाय काय?"

"बंदी नाही, पण..."

"मग झालं तर."

बिल्डर गाडीत बसायच्या आधीच तिनं कुदळ उचलली होती. संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कडेनं केळीच्या मुनव्यांची, बुंध्याशी फुटलेल्या कोवळ्या रोपांची, नवी रांग उभी राहिली.