राजूर ते विहीणबाईंचा पास्ता

सकाळी राजूरच्या गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले आणि जालन्याच्या काळीपिवळीत (माणसं भरली की सुटणारी जीप) खिडकीची जागा धरली. घरी आणि फोनवर लेकीलाही सांगितलं होतं, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो, दाखवून येते. देवाला मात्र खरं सांगितलं. म्हटलं, बाबा, माझ्या नातीला विहीणबाईंनी पास्ता खाऊ घालून घालून वश केलंय. तो काय प्रकार आहे तेवढा डोळ्यांनी बघून येते.

आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, जालन्याला तर आपण सारख्याच जातो, त्याचं काय प्रवासवर्णन लिहायचं? पण बायांनो, ज्या कामाला मी गेले त्या कामाला तुमच्यातली एकही गेली नसेल. म्हणून लिहिते.

आधी कारण सांगते. माझी लेक मीना नवीन जालन्यात दिलेली. तिची मुलगी ओवी, नऊ वर्षांची. पाय फुटल्यापासून उन्हाळ्याच्या सुटीत ती महिनाभर माझ्याकडं असते. यंदा फोनवर म्हणाली, "आजी, मी चारच दिवस येईन." मी विचारलं, "का गं?" तर म्हणे, "तिकडं पास्ता नसतो ना." मागून हसण्याचा आवाज आला. ते हसणं शोभाताईंचं, मीनाच्या सासूबाईंचं. तशा चांगल्या आहेत हो त्या. चांगल्या आहेत हीच तर अडचण, राग ठेवायला जागा सापडत नाही. माझ्या महिन्याचे चार दिवस झाले आणि ते हसणं काही माझ्या कानातून जाईना.

विहिणीकडं मोकळ्या हातानं जाता येत नाही. मी सरगुंडे घेतले होते (रव्याचं पीठ काडीवर गुंडाळून वाळवलेल्या पोकळ नळ्या, आमरसाबरोबर खातात). दोन दुपारी मान मोडून केलेले. पास्ता मी फोनवर पाहिला होता, त्याही नळ्याच. बघू दे म्हटलं बाईला, नळ्या आम्हालाही येतात.

पिशवी शेजारी ठेवली आणि बाहेर बघत बसले. कापूस उपटून झालेली काळी रानं, मधेच एखादी मोसंबीची हिरवी बाग, बांधावर रचलेला कडबा. एका फाट्यावर जीप थांबली, एक अंगानं चांगले भरलेले गृहस्थ चढले आणि माझ्याशेजारी बसले. खाली कर्रर्र वाजलं.

"मावशी, काय होतं हो पिशवीत?"

"होतं म्हणता तेच बराबर. सरगुंडे होते."

"अरारारा! मंग मांडीवर न्हाई का घ्यायची पिशवी?"

"मांडीवर घेतली असती तर तुम्ही मांडीवर बसले असते."

सगळी जीप हसली. ते बिचारे शरमले आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले, जालन्यापर्यंत लेकरासारखी धरली. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "लेकीकडं चालल्या का?"

"विहिणीकडं."

"मंग काय हरकत न्हाई. चुरा चालतो."

त्या माणसाला मी तिथंच माफ केलं.

जुन्या जालन्यात उतरले. तिथल्या बोळात आमचं ठरलेलं किराणा दुकान आहे. पोत्यांच्या मधून वाट काढत आत गेले आणि विचारलं, "पास्ता आहे का?"

दुकानदारानं मला वरून खाली पाहिलं. चाळीस वर्षं माझी यादी त्याला तोंडपाठ. "आहे की. कोणता देऊ? नळीचा, शंखाचा, फुलपाखराचा?"

"तो लाल, तिखट करतात तो."

"मंग नळीचा. पण मावशी, पाकिटातला तिखट नसतो. तिखट तुम्ही करायचा."

"मी न्हाई करत. तेच तर दुखणं आहे."

त्यानं पाकीट हातात दिलं. वरूनच दाबून पाहिलं, खडखडीत. परत ठेवलं. विकत घेतलं असतं तर तिथंच हरल्यासारखं झालं असतं. रिक्षा केली आणि नवीन जालन्याला निघाले.

शोभाताई दारातच उभ्या होत्या. पाय धुवायला पाणी, हळदीकुंकू, गार पन्हं, सगळं रीतसर. पिशवी उघडून त्यांनी आत पाहिलं. "चुरा झालाय का हो?"

"येताना झाला."

"असू द्या. खीर करू ना छान." इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मला तो टोमणाच वाटला. आता विचार करते तर नसेलही.

मला बैठकीत पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं. विहीण म्हणजे मानाची, तिनं दुसऱ्याच्या ओट्याजवळ जायचं नसतं. त्या खुर्चीवरून स्वयंपाकघरातलं काय दिसावं? अर्धा फ्रिज आणि त्याच्यावरची बरणी. मी पाणी मागितलं. ओवीनं आणून दिलं. परत मागितलं, मीनानं आणून दिलं. तिसऱ्यांदा रिकामा पेला घेऊन स्वतःच उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आई, तू बस ना," मीना म्हणाली. "आज आईंनी तुझ्यासाठी पास्ता ठरवलाय. खरं सांगते, असा हॉटेलातसुद्धा मिळत न्हाई."

आई आणि आईंनी. एका वाक्यात दोन आया, आणि पास्ता दुसरीचा.

आता नीट ऐका, कारण मी सगळं पाहून ठेवलंय. टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून सालं सोलली आणि हातानंच कुस्करले. कढईत तेल, त्यात लसणाच्या पातळ चकत्या. लसूण जरा सोनेरी झाला की सुक्या लाल मिरच्या मोडून टाकल्या. मिरची पाहताच ओळखली. माझ्या दारात वाळलेली, मीच संक्रांतीला पाठवलेली! मिरची माझी आणि नाव कुणाचं, बघा. मी पुढच्या फोडणीची वाट पाहत राहिले. मोहरी नाही. जिरं नाही. हळद नाही. कांदासुद्धा नाही. टोमॅटो पडले, मीठ पडलं, संपलं. शेजारच्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात नळ्या उकळत होत्या.

"शेंगदाण्याचा कूट कधी टाकता?" मी विचारलं.

"कूट न्हाई टाकत, विहीणबाई."

"हे लसणाचे सात तुकडे जरा जाड पडलेत."

शोभाताईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. "नजर तर चांगली दिसते तुमची. डॉक्टरांकडं कधी जायचं?"

"ते दुपारून बसतात," मी म्हटलं आणि पेल्यात पाहत राहिले.

ओवी पायाशी घुटमळत होती. म्हणाली, "आजी, याचं तिकडचं नाव अराबियाता. म्हणजे रागावलेला."

"कुणावर गं?"

"माहीत न्हाई. तिखट असतो म्हणून."

मला मात्र माहीत होतं.

आणि मग ते झालं. शोभाताईंनी चमच्यावर एक नळी काढली, फुंकर मारली आणि हाक दिली, "ओवीसाहेब, या! बघा शिजला का." ओवी टुणकन स्टुलावर चढली. नळी अर्धी चावली, उरलेली उजेडाकडं धरून आत पाहिलं. "मधी पांढरं दिसतंय. अजून एक मिनिट." आणि साठ वर्षांची ती बाई झारा हातात धरून एक मिनिट गपचूप उभी राहिली. परत हाक, परत चाखणं. मग लाल रस चाखला. "अजून एक मिरची, आजी." एक मिरची पडली. ज्या पाण्यात नळ्या शिजल्या त्यातलंच डावभर पाणी रसात गेलं, वर नळ्या, वर कोथिंबीर.

माझ्या तोंडातून निघूनच गेलं, "अहो, उष्टं केलं की सगळं!"

"देवाला सकाळीच दूधसाखर दाखवली," शोभाताई म्हणाल्या. "हे देवाचं न्हाई. हे ओवीचं."

स्टुलावरून उतरता उतरता ओवी म्हणाली, "राजूरच्या आजीकडं चाखत नसतात." तक्रार नव्हती हो. आमच्याकडं विहीर आहे असं सांगावं, तसं सांगितलं तिनं.

मी खुर्चीवर येऊन बसले. खरं आहे ते. लग्न होऊन आल्यापासून मी कधी शिजतं अन्न जिभेला लावलं नाही. मीठ हाताच्या अंदाजानं, शिजलं का ते वासावरून. नैवेद्य झाल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात ओवीनं पुरणात बोट घातलं, तर मी तिच्या हातावर फटका मारला होता आणि सगळं पुरण गाईला घातलं होतं. ती रडली नव्हती. उंबऱ्याबाहेर जाऊन बसली होती. मला वाटलं, विसरली. आणि मी इथं लसणाचे तुकडे मोजत होते.

जेवायला बसलो. पहिल्यांदा वाढून घेतला तो मानाचा. दुसऱ्यांदा घेतला तो दोष शोधायला. नाक वाहायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं, दोष काही सापडला नाही. लाल, झणझणीत, नळीच्या पोटात रस भरलेला, आणि दाताखाली जराशी कडक.

"कसा झालाय?" शोभाताईंनी विचारलं.

"कूट पाह्यजे होता," मी म्हटलं. तेवढा हक्क मला पाहिजेच होता.

निघताना त्यांनी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि त्याच्यावर नळीच्या पास्त्याचं एक पाकीट. मला ते पाकीट परत त्यांच्या ओट्यावर ठेवावंसं वाटलं. पण ओटीतलं परत देता येत नाही. त्यांना ते चांगलं माहीत होतं.

संध्याकाळच्या आत राजूरला पोचले. चष्मा तोच, नंबर तोच. घरात कुणी विचारलंही नाही. पाकीट फडताळात ठेवलं आणि रोज एकदा त्याच्याकडं बघत राहिले.

परीक्षा संपली आणि ओवी आली. एवढीशी पिशवी, चारच दिवसांचे कपडे. मी मोजले. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून देवाला दूधसाखर दाखवली. म्हटलं, तुझं झालं, आता मला मोकळं कर. लसूण चिरला, पातळ. माझीच मिरची मोडली. पाणी उकळलं, नळ्या टाकल्या. ओवी सवयीनं उंबऱ्याबाहेर उभी होती. चपला काढल्या होत्या, पण आत येत नव्हती.

"ये ना गं आत," मी म्हटलं. "मला न्हाई कळत शिजला का ते."

"मी चाखू? तुझ्याकडं?"

"पाट घे. त्याच्यावर उभी राह्य."

ती आली, नळी चावली, उजेडाकडं धरली आणि ओरडली, "आजी, जल्दी गाळ! जास्त शिजला!" मी गाळला. मऊच झाला होता, आमच्याकडं सगळं मऊच शिजतं. तिनं मला उरलेली अर्धी नळी दिली, "तूही बघ ना." हातात धरून क्षणभर थांबले. मग खाल्ली. उभ्यानं, ओट्यापाशी, तिची उष्टी.

चार दिवस झाले, पाच झाले, आठ झाले. पिशवीतल्या कपड्यांना मी दोनदा साबण लावला. नवव्या दिवशी शोभाताईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, ऊन किती, पाणी किती. मग म्हणाल्या, "ओवी कधी येणार म्हणते? पास्ता केला होता काल. शिजला का न्हाई तेच कळंना मला."

त्यांच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. कितीतरी दिवस माझ्या पोटात तेच होतं. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"ती म्हणते महिनाभर राहीन," मी म्हटलं.

मग म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांत राजूरच्या गणपतीचं दर्शन न्हाई झालं. उद्या यावं म्हणते."

"या की."

फोन ठेवला आणि बैठकीतली खुर्ची उचलून आत आणली. ओट्यासमोर मांडली, जिथून सगळं दिसतं तिथं. पाण्याचा तांब्यापेलाही शेजारीच भरून ठेवला. बाईला सारखं सारखं पाणी मागायला लागू नये.