गच्चीवर वाळणारा धोतरा

सोनिका गजभियेने जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती, तरी वर्षभर ती स्वतःच्या घरात चोरासारखी वावरत होती. लपवलेलं काय, तर एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. मानववंशशास्त्र विभागात रीना मॅडमच्या हाताखाली ती नशा आणणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास करत होती. मोहाची दारू कुठल्या समाजात देवाला चढते, भांग कुठल्या सणाला चालते, धोतऱ्याला कोण हात लावतं आणि कोण लावत नाही, असलं सगळं. घरी मात्र "झाडपाल्यावर लिहायचं आहे" एवढं सांगून तिने वेळ मारून नेली होती.

तिला तरी दोष कसा द्यायचा? वडील कवडूजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, प्रताप नगरच्या बाजूच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचे सचिव. पंचशील ते नुसतं म्हणत नसत, पाळत. नागपुरात जन्म काढून तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाल्लेला माणूस आधीच दुर्मीळ. यांनी तर सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नव्हतं. लग्नात कुणाच्या तोंडाला वास आला, की कवडूजी न जेवता घरी परत. अशा माणसाला मुलीने काय सांगायचं? की बाबा, पाचवं शील ज्या नशेपासून दूर राहा म्हणतं, त्याच्यातच मी एम.ए. करते आहे?

आता मात्र गळ्याशी आलं होतं. मोह वेचायचा हंगाम तोंडावर होता आणि तिने महिनाभर कोरचीकडच्या गोंड गावांत जाऊन राहावं, असं मॅडमचं म्हणणं होतं. घरून होकार मिळाला नाही तर प्रबंध बोंबलला. आज सांगू, उद्या सांगू करता करता पोरीची झोप उडाली.

अशात महाशिवरात्र आली. सीताबर्डीच्या फुलबाजारात धोतऱ्याच्या काटेरी फळांचे ढीग लागले. विकणाऱ्या बायांशी बोलायला गेलेली सोनिका नमुन्यासाठी थोडी फळं घेऊन आली आणि गच्चीवर कागद पसरून तिने ती वाळत घातली. विषारी वस्तू स्वयंपाकघराजवळ नको, एवढी अक्कल तिला होती. शेजारची गच्ची आपल्या गच्चीला लागून आहे, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. शेजारच्या सुमतीबाई मिरच्या उलटवायला वर आल्या, त्यांनी फळं पाहिली आणि मिरच्या तशाच टाकून त्यांनी थेट विहार गाठला.

संध्याकाळी कवडूजी घरी आले ते तोंड पाडूनच. सोनिकाच्या आईने, प्रेमिलाबाईंनी, ताट वाढलं, त्यांनी ते सरकवून दिलं. यांना कळलं, आता संपलं सगळं, असं सोनिकाला वाटलं.

"गच्चीवरचं थे तुह्यं होय का?"

"हो, बाबा."

"कधीपासून चालू हाय हे?"

"वर्ष झालं."

"वर्ष!" कवडूजींनी कपाळावर हात मारून घेतला. "कोनं नादी लावलं तुले?"

"रीना मॅडमनं. त्यायनं तं याच्यातच पीएच.डी. केली."

"एवढी शिकलेली बाई, अन् असं करून राहिली!" कवडूजी म्हणाले. "माह्या मायनं दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, सोनिका. अन् तू? सांग, कोनता नवस बोलली महादेवाले?"

सोनिका बघतच राहिली. "नवस? कोनता नवस, बाबा?"

"मंग धोतरा काहून आनला? शिवरात्रीले पिंडीवर वाहाले नाई, तं का भाजी कराले?"

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नशेचं बाबांच्या मनातही नव्हतं. पोरगी गुपचूप शंकराला पुजायला लागली, आजीच्या प्रतिज्ञा तिने धुळीला मिळवल्या, या धसक्याने माणसाला घास उतरत नव्हता. सोनिकाने मग एका दमात सगळं सांगून टाकलं. धोतरा, भांग, मोह, प्रबंध, कोरची. सांगून झाल्यावर तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"म्हनजे पूजा नाई?"

"नाई."

"नुसता नशेचा अभ्यास?"

"हो."

"हात्तिच्या!" कवडूजींनी एवढा मोठा श्वास सोडला, की प्रेमिलाबाईंना हसू फुटलं. "मंग वर्षभर सांगाले का झालं होतं? नशा करू नोको म्हनते शील, अभ्यास करू नोको कुठी म्हनते? वाढ वं प्रेमिला, भूक लागली."

सोनिकाला हसावं की रडावं कळेना. "मंग कोरचीले जाऊ?"

"जाय." कवडूजींनी दोन घास खाल्ले आणि त्यांचा हात ताटातच थांबला. "मोहाचं लिहिशील ना? मंग माह्या मायचंही लिही."

जिजाबाईचं? दीक्षा घेतलेली, पांढऱ्या लुगड्यातली आजी, एवढीच तिची या घरात ओळख होती.

"थे मोहाची गाळायची. दीक्षेनंतरही. सोता थेंब नाई घेतला कधी, पन माहा बाप गेल्यावर दुसरं होतंच का तिच्यापाशी? त्याच्यावरच मी आयटीआय शिकलो." प्रेमिलाबाई पोळी हातात धरून उभ्याच राहिल्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. "लोकं का म्हनतीन म्हनून म्या कोनाले सांगतलं नाई."

आपण वर्षभर घाबरलो म्हणून सोनिका स्वतःची कीव करत होती. बाबा तर जन्मभर घाबरत आले होते.

"लिहू ना, बाबा? खरंच?"

"लिही," कवडूजी म्हणाले आणि त्यांनी पोळीसाठी ताट पुढे केलं. "अन् नाव झाकू नोको तिचं. जिजाबाई गजभिये, असं पुरं टाक."