लाल फितीखालून

मुलीच्या तापासाठी मी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, बालरोग विभागाबाहेर बसलो होतो. त्या दिवशी मुलांच्या नव्या कक्षाचं उद्घाटन होतं. आत खाटा, ऑक्सिजन, डॉक्टर सगळं तयार होतं. दाराला लाल फीत होती आणि पाहुणे अजून वाटेत होते.

शेजारी वडूजकडची एक मेंढरंवाली आजी होती. मांडीवरच्या नातवाच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या.

"पाहुणे आल्याशिवाय आत सोडायचं नाही," दारावरचा शिपाई म्हणाला.

मी त्याच्याशी भांडत होतो, तोवर ती उठली आणि पोराला छातीशी धरून फितीखालून आत गेली. आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता पोराला ऑक्सिजनचा मास्क लावला.

बऱ्याच वेळानं पाहुणे आले. फीत कापली, टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "आजी, पोराचा मास्क जरा काढा. नातू उद्या बातमीत येईल."

तिनं मास्कवर हात घट्ट धरला. "आमाला त्येला बातमीत न्हाई, घरी न्यायचं हाय. व्हा बाजूला!"

फोटोवाला वरमला. फोटो होईपर्यंत बाहेरच थांबवलेली बाकीची पोरं कण्हत होती, आणि पाहुणे रिकाम्या खाटेशेजारी हसत उभे राहिले. फोटो तोच निघाला.