पळीनं वाढलेलं अंडं

आमची वरलक्ष्मीअक्का, माझी थोरली बहीण, म्हणजे तिखट बाई. तंजावूरकडच्या ओरत्तनाडूपलीकडल्या एका खेड्यात सव्वीस वर्षं अंगणवाडीची टीचर होती. कुणा आईनं पोराच्या हातात चिप्सचं पाकीट दिलेलं दिसलं, की भर बसस्टॉपवर तिची खरडपट्टी! नाचणी, मूग, शेवग्याचा पाला, अंडं, सगळ्यांचे गुण तिला तोंडपाठ.

पण आमचं घर माध्व ब्राह्मणांचं, सोवळ्याओवळ्याचं; अंड्याला शिवायचंही नाही. आठवड्यातून तीन दिवस पोरांना उकडलेली अंडी द्यायची, ती अक्का लांब दांड्याच्या पळीनं वाढायची. बोट लागू द्यायची नाही. घरी आली की आधी डोक्यावरून आंघोळ. मी चिडवायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" ती म्हणायची, "गप गं. माझं सोवळं माझ्यापाशी, त्यांचं पोषण त्यांच्यापाशी. बिघडलं कुठं?"

बिघडलं ते हरितापाशी. चार वर्षांची पोर, आई मजुरीला, घरी दोन्ही वेळ नुसती पेज. ती अक्काचा पदर सोडायची नाही. अक्का बसेल तशी बसायची, अक्कासारखंच कुंकू मागायची. एक दिवस तिनं ताटातलं अंडं चमच्यानं बाजूला सारलं. "टीचर खात नाहीत, मीही नाही."

अक्कानं रागवायला हवं होतं ना? छे! घरी येऊन कौतुकानं सांगत बसली, "बघ, पोरीला कसं वळण लागलंय!" अंड्याऐवजी आपल्या पिशवीतलं केळं द्यायला लागली. मीही हसले. माझीही अक्कल गहाण पडली होती.

चार महिन्यांत हरिताचं वजन वाढलं तर नाहीच, उलट उतरलं. डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. पोरांना तपासायला आलेल्या नर्सनं विचारलं, "अंडी खाते ना ही?" अक्काला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी अक्कानं मनाचा हिय्या केला. हरितासमोर मांडी घालून बसली, जन्मात पहिल्यांदा हातानं अंडं सोललं आणि तोंडाशी नेलं. पोरीनं झटकन पुढं होऊन आपला काडीसारखा हात अक्काच्या तोंडावर धरला. "नको टीचर, तुम्हाला पाप लागेल."

अक्कानं अंडं तसंच परत ताटात ठेवलं.

पुढं हरिताला तंजावूरच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. जगली बिचारी, पण वाढ खुंटली ती खुंटलीच.

अक्का अजून रडते. "एवढीशी ती, मला वाचवायला आली गं. आणि मला मेलीला तेव्हा हायसं वाटलं."